दोन हजार पर्जन्यमापकांचें दप्तर

ता. २६ जुलै २००५ रोजीं मुंबईवर जो पाऊस कोसळला त्याची आठवण आमच्या बहुतेक वाचकांस असेल. त्या दिवशींच्या मोजणींत सांताक्रूझच्या वेधशाळेंत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. आणि तेथून दक्षिणेस वीस-बावीस किलोमीटरांवरील कुलाब्यास अवघा ७४. आमचें तारोडी गांव सांताक्रूझच्याहि उत्तरेस. एका बाजूस समुद्र, दुसऱ्या बाजूस वसईची खाडी. आमच्या खाचरांत त्या दिवशीं किती पडला, हें त्या दोहोंपैकीं एकहि यंत्र सांगूं शकत नव्हतें.

तेव्हां यंत्रें पुष्कळ हवींत, हें उघड आहे. परंतु पुष्कळ यंत्रें बसविल्यावर त्या सर्वांचें ऐकावयाचें कोणी व कसें, हा प्रश्न त्याहून बिकट होय. शेतकऱ्याचा विमा व सरकारी मदत त्याच्या उत्तरावर अवलंबून असल्यामुळें तो केवळ संगणकवाल्यांवर सोंपवून चालणार नाहीं.

महाराष्ट्र सरकारनें २०१७ सालीं 'महावेध' प्रकल्प हातीं घेतला व स्कायमेट या कंपनीमार्फत महसुली मंडळागणिक एक याप्रमाणें दोन हजारांहून अधिक स्वयंचलित हवामान केंद्रें उभारविलीं. केंद्र म्हणजे एक खांब. त्यावर पावसाचें पात्र, उष्णता, आर्द्रता व वारा यांचीं मापकें, सूर्याची तबकडी, बॅटरी व मोबाईलचें सिमकार्ड. मंडळांत २४ तासांत ६५ मिलिमीटरांहून अधिक पाऊस झाला तर ती अतिवृष्टि गणली जाते, हें वाचक जाणतातच. दर दहा मिनिटांस एक नोंद धरली तर एका केंद्राच्या दिवसाला १४४ नोंदी होतात, आणि दोन हजार केंद्रांच्या २,८८,०००.

मी नोकरीस लागलों त्या काळीं तालुका कचेरीच्या आवारांत एकच पर्जन्यमापक असे. सकाळीं साडेआठ वाजतां शिपाई कांचेच्या मापांत पाणी ओतून आंकडा सांगे. कारकून तो वहींत लिही व जिल्ह्यास कळवी. आतां अशी कल्पना करा कीं, त्याच कारकुनापुढें दोन हजार शिपाई दर दहा मिनिटांस आंकडा घेऊन उभे आहेत. यावर एक उपाय असा कीं, अधिक चलाख कारकून आणावा. परंतु चलाखीस सीमा आहे, आणि तो कारकून तापानें पडला कीं सगळी कचेरी बंद. एकाच मोठ्या सर्व्हरवर सारा भार टाकणाराची हीच गत होते.

दुसरा उपाय टेबलें वाढविण्याचा. आवक-बारनिशीच्या टेबलानें कागद घ्यावा, शिक्का मारावा व ट्रेमध्यें टाकावा. वाचीत बसूं नये. ट्रेंतून दुसऱ्यांनीं उचलून तपासावा, तिसऱ्यांनीं जिल्हावार दप्तरांत लावावा, आणि प्रत्येक दप्तराची नक्कल दुसऱ्या इमारतींत असावी. यंत्रें वाढलीं कीं टेबलें वाढवावयाचीं. कचेरी पाडून नवी बांधावी लागत नाहीं. संगणकांचें विखुरलेलें जाळें म्हणतात तें मुळांत हेंच.

ट्रेची खरी किंमत वादळांत कळते. टॉवर बंद पडतो, पांचपन्नास केंद्रें मुकीं होतात. टॉवर पुन्हा सुरू झाला कीं सर्वांचा तुंबलेला हिशेब एकदम येऊन आदळतो, आणि नेमके त्याच घटकेस जिल्हाधिकाऱ्यांसहि आंकडे हवे असतात. ही अडचण पावसापुरतीच नाहीं. १९९९ सालीं अँडी स्टॅनफर्ड-क्लार्क व आर्लेन निपर या दोघांनीं तेलाच्या नळवाहिन्यांवरील दूरदूरच्या मापकांसाठीं 'एमक्यूटीटी' नांवाची संदेशपद्धति बसविली. उपग्रहाची वाट महाग व बेभरंवशाची, म्हणून संदेश अगदीं लहान ठेवावयाचा, आणि पोंच न आल्यास पुन्हा धाडावयाचा. मात्र पोंचच वाटेंत हरवली तर तोच पाऊस दोनदां येतो. यास्तव प्रत्येक नोंदीवर यंत्राचा क्रमांक व मोजल्याची वेळ पाहिजे, म्हणजे बारनिशीवाला दुबार प्रत बाजूस काढील. नाहींतर ४० मिलिमीटरांचे ८० व्हावयाचे. (अशा चुकीची तक्रार घेऊन आलेला शेतकरी मला अद्याप भेटावयाचा आहे.)

कांहीं निर्णय मात्र वर धाडूंच नयेत. खानदेशांत पांझरेच्या कांठीं फड पद्धतीचें पाणी ज्यांनीं पाहिलें त्यांस हें सांगणें नको. पाटकरी पाणी वळवितांना दर वेळीं धुळ्यास विचारावयास जात नसे. बारामतीच्या ॲग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टनें २०२४ पासून उसाच्या शेतांत मापकें व कृत्रिम बुद्धिमत्ता यांचा प्रयोग चालविल्यापासून मातींतील ओल मोजणाऱ्या यंत्रांची चर्चा पुष्कळ ऐकूं येते. असें यंत्र घेतांना विकणाराला विचारावें : मोबाईलची रेंज गेली असतां ठिबकाचा व्हॉल्व्ह आपण होऊन बंद होतो काय? नोंदी किती दिवस पोटांत राहतात? उत्तर अडखळलें तर पैसे खिशांत ठेवावे.

आतां जें सांगण्यासाठीं मुख्यतः हा लेख लिहिला तें सांगतों. माझ्या नोकरीच्या अखेरच्या वर्षांत एका मंडळांतील गृहस्थ गुडघाभर चिखलानिशीं कचेरींत आले. म्हणाले, "भाऊसाहेब, आमच्यावर ढग फुटला, आणि तुमचा कागद म्हणतो थेंब नाहीं." कागद तसेंच म्हणत होता. शेजारच्या तिन्ही मंडळांत सत्तरच्या वर, आणि यांच्या मंडळांत शून्य. संगणकावर सारें ठीक. कारण यंत्र दर दहा मिनिटांस न चुकतां कळवीत होतें, "पाऊस ०". जाऊन पाहिलें तों पात्राच्या तोंडांत गांधीलमाश्यांनीं घर केलेलें. यंत्र मुकें झालें असतें तर कोणी चौकशी तरी केली असती. तें खोटें बोलत राहिलें, म्हणून कोणाचें लक्ष गेलें नाहीं. तो आंकडा दुरुस्त होईतों कित्येक आठवडे गेले, आणि तोंवर त्या गांवांची नांवें यादींत नव्हतीं.

म्हणून जाळ्याच्या मधल्या टेबलावर एक काम नेमून द्यावें लागतें : प्रत्येक आंकडा शेजाऱ्यांच्या आंकड्यांशीं ताडून पाहणें, शून्य व मौन हीं वेगळ्या रकान्यांत लिहिणें, आणि संशय येतांच माणूस धाडणें. हें काम संगणकास अवघड नाहीं. माणूस धाडणें अवघड आहे. तसेंच प्रत्येक यंत्रास स्वतःची गुप्त मोहोर हवी, म्हणजे दुसऱ्या कोणास त्याच्या नांवें पाऊस पाडतां येणार नाहीं.

केंद्र सरकारनें २०२३ सालीं 'विंड्स' योजना पुढें आणली. तींत ग्रामपंचायतीगणिक पर्जन्यमापक बसवावयाचा आहे. आपल्या राज्यांत सुमारें २८,००० ग्रामपंचायती आहेत. सर्व्हरचीं टेबलें तेवढ्यानें डगमगणार नाहींत. पण २८,००० पात्रांतील पाला व कोळ्यांचीं जाळीं काढणार कोण, हें गांवागांवांनीं आतांच ठरवून घ्यावें.

तोंवर प्रत्येकानें एक साधा हातमापक अंगणांत बसवावा. भिंत वा झाड जितकें उंच असेल त्याच्या निदान दुप्पट अंतर सोडावें, आणि सकाळीं साडेआठ वाजतां आंकडा वहींत लिहून शेजाऱ्याची सही घ्यावी. तक्रार देतांना वहीची नक्कल जोडावी. मूळ वही कचेरींत ठेवून येऊं नये.