बदलते हवामान आणि आपल्या उसाचे गणित



पारावर चार माणसे बसली, की "औंदा पावसाचं काही खरं नाही" हे वाक्य दरसाल कानी पडते. ही तक्रार आता आपल्या शिवारापुरती राहिलेली नाही. अमेरिकेतील शास्त्रज्ञांनी २०२१ साली हिशेब मांडला, की तापत्या हवामानामुळे १९६१ पासूनची जगाच्या शेती-उत्पादकतेची वाढ सुमारे २१ टक्क्यांनी मागे राहिली. बियाणे सुधारले, खते आली, पाणी आले. पण त्या कमाईचा पाचवा वाटा हवेने खाल्ला.

आपल्या साखरेचेच पाहू. २०२१ साली ब्राझीलमध्ये आधी दुष्काळ पडला आणि जुलैत कडाक्याच्या थंडीने दव गोठून उभा ऊस करपला. तेथील मुख्य ऊसपट्ट्यातील गाळप साठ कोटी टनांवरून सुमारे बावन्न कोटींवर आले. पुढे २०२३ मध्ये थायलंडला पावसाने दगा दिला. त्याच वर्षीचा ऑगस्ट भारतात १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. नोव्हेंबर २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या बाजारात कच्ची साखर पौंडाला सुमारे २८ सेंटवर गेली. बारा वर्षांत एवढा भाव नव्हता.

मग आपली चांदी झाली का? नाही. देशात साखर कमी पडेल या धास्तीने २०२३-२४ च्या हंगामात निर्यात जवळजवळ बंद राहिली. डिसेंबर २०२३ मध्ये उसाच्या रसापासूनच्या इथेनॉलवरही बंधने आली. बाजारात भाव होता, पण आपल्याला वाट नव्हती.

खरा फटका तर पुढच्या साली बसला. ऊस हे बारा ते अठरा महिन्यांचे पीक. २०२३ च्या पावसाळ्यात विहिरींना पाणी नव्हते म्हणून लागणी घटल्या, आणि त्याचा परिणाम २०२४-२५ च्या गाळपात दिसला. राज्याचे साखर उत्पादन ११० लाख टनांवरून सुमारे ८१ लाख टनांवर उतरले. त्याला इतर कारणेही होती, पण दुष्काळाचे बिल हे असे वर्षभराने येते.

हंगाम आखडला म्हणजे काय होते, हे सभासदाने समजून घ्यावे. कर्जाचे व्याज, कायम कामगारांचा पगार, यंत्रांची दुरुस्ती, यातले काही थांबत नाही. तोच खर्च कमी पोत्यांवर बसतो. मग एफआरपीच्या वर चार पैसे देण्याची ताकद कारखान्यात उरत नाही. तोडणी मजुराचेही कामाचे दिवस बुडतात, आणि घेतलेली उचल फिटत नाही.

आभाळ काही आपल्या हातात नाही. पण पाचट पेटवायचे की सरीत कुजवायचे, हे आपल्याच हातात आहे. पाचटाने ओल टिकते, जमिनीचा कस वाढतो, खोडवा तग धरतो. ठिबकाने थोड्या पाण्यात पीक निघते. विहिरीचे उन्हाळ्यातले पाणी पाहूनच लागणीचा एकर ठरवावा. "शेजाऱ्यानं लावला म्हणून मीबी लावला" हा हिशेब आता परवडणारा नाही. लागणीची नोंद वेळेवर शेतकी गटकार्यालयात करावी, म्हणजे येणारा ऊस किती याचा अंदाज कारखान्याला आधीच बांधता येईल.

हा कारखाना आपण शेअरचे पैसे पोटाला चिमटा घेऊन भरून उभा केला आहे. तो पुरे दिवस चालावा याची तयारी लागणीपासूनच करू या.