शाळेपूर्वीचा पंधरवडा आणि मुलांची झोप

उन्हाळी सुट्टीत आपल्या घरांतील मुलांचा दिवस नकळत रात्रीकडे सरकत जातो. परीक्षा संपतात, पाहुण्यांची वर्दळ सुरू होते, लग्नकार्ये येतात, क्रिकेटचे सामने मध्यरात्रीपर्यंत रंगतात आणि उरलेला वेळ मोबाईल व्यापून टाकतो. दहाचे अकरा आणि अकराचे दीड केव्हा होतात, हे कोणाच्या ध्यानात येत नाही. मग जूनच्या मध्यावर शाळा उघडते. आई हाका मारून थकलेली, मूल कूस बदलणारे आणि खाली व्हॅनचे काका हॉर्न वाजवणारे, असे दृश्य घरोघरी दिसू लागते. अशा वेळी ‘आळशी’ हा शब्द सहज उच्चारला जातो. बहुतेक वेळा तो मुलावर अन्याय करणारा असतो.

आपल्या शरीरात एक घड्याळ आहे, हे आता केवळ बोलण्यापुरते राहिलेले नाही. त्या घड्याळाची यंत्रणा उलगडल्याबद्दल जेफ्री हॉल, मायकेल रॉसबॅश आणि मायकेल यंग या शास्त्रज्ञांना २०१७ साली नोबेल पारितोषिक मिळाले. माणसाचे हे घड्याळ सरासरी २४ तासांहून किंचित संथ चालते. त्यामुळे रोज थोडे उशिरा झोपणे सोपे जाते, लवकर झोपणे मात्र कठीण. त्यातच किशोरवयात झोपेची सूचना देणारे मेलाटोनिन हे संप्रेरक रात्री अधिक उशिरा स्रवू लागते. चौदा वर्षांच्या मुलाला दहा वाजता झोप येत नाही, यात हट्टापेक्षा वयाचा भाग मोठा असतो.

महाराष्ट्र शासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये पूर्वप्राथमिक ते इयत्ता चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी ९ वाजता किंवा त्यानंतर भरवावेत, असा निर्णय काढला. लहानग्यांच्या झोपेचा विचार झाला, हे स्वागतार्हच आहे. परंतु ज्यांचे घड्याळ सर्वाधिक मागे पडते, ती आठवी-नववीतील मुले या निर्णयाच्या कक्षेबाहेर राहिली. सकाळी सातच्या शाळेसाठी त्यांची तयारी घरालाच करून घ्यावी लागते.

आयुष्यभर बँकेत आकडे मांडल्यामुळे येथेही हिशेब मांडण्याचा मोह आवरत नाही. १३ ते १८ वर्षांच्या मुलांना रोज ८ ते १० तास, तर ६ ते १२ वर्षांच्या मुलांना ९ ते १२ तास झोप हवी, असे निद्रातज्ज्ञ सांगतात. समजा, नववीतील मुलगी सध्या रात्री दीडला झोपून सकाळी साडेनऊला उठते आणि शाळेसाठी तिला पावणेसहाला उठायचे आहे. अंतर झाले २२५ मिनिटांचे. रोज १५ मिनिटांचा हप्ता धरला, तर फेड बरोबर १५ दिवसांत होते. शाळा १५ जूनला उघडणार असेल, तर १ जूनला सव्वानऊ, २ जूनला नऊ असे उतरत १५ जूनला पावणेसहा गाठता येतात. विदर्भात तीव्र उन्हामुळे शाळा उशिरा उघडतात. तेथे त्यानुसार तारखा पुढे न्याव्यात. हेच कर्ज १४ जूनच्या रात्री एकरकमी फेडू म्हटले, तर ते फिटत नाही.

येथे पालक प्रारंभच चुकीच्या टोकाकडून करतात. ‘आज नऊलाच झोपायचे’ असे फर्मान सुटते आणि मूल अंधारात छताकडे पाहत राहते. झोपेच्या नेहमीच्या वेळेआधीचे दोन-तीन तास शरीर उलट अधिक जागरूक असते. झोप आज्ञेने येत नाही. आपल्या हाती आहे ती उठण्याची वेळ. ती आधी ठरवावी आणि ठरल्या वेळी मुलाला उठवून अर्धा तास उघड्यावर, उजेडात न्यावे. दूध आणायला पाठवावे, कुंड्यांना पाणी घालायला सांगावे, सोबत फिरायला न्यावे. सकाळच्या उजेडाने शरीराचे घड्याळ पुढे सरकते. जूनचे आभाळ भरलेले असले, तरी बाहेरचा उजेड घरातील दिव्यांच्या कितीतरी पट असतो. लवकर उठलेले मूल पुढे रात्री आपोआप लवकर पेंगू लागते.

दुपारची डुलकी अर्ध्या तासाहून अधिक नको आणि तीननंतर तर नकोच. चहा, कॉफी, कोला यांतील कॅफिनपैकी सुमारे निम्मे पाच तासांनंतरही शरीरात शिल्लक राहते. म्हणून ही पेये दुपारनंतर टाळावीत. रात्रीचे जेवण झोपण्यापूर्वी किमान दोन तास आटोपलेले असावे. रविवारची सूट तासाभराहून जास्त नसावी, अन्यथा आठवड्याची कमाई एका सकाळी खर्ची पडते. अंथरुणावर वीस मिनिटे झोप आली नाही, तर मुलाने उठून मंद दिव्यात एखादे पुस्तक वाचावे. मोबाईल मात्र हाती घेऊ नये.

अर्थात, दिवाणखान्यात अकरापर्यंत मालिका चालू आणि वडिलांच्या हाती मोबाईल, अशा घरात मुलाला उपदेश लागू पडत नाही. या पंधरवड्यात रात्री नऊनंतर घरातील सर्वांचे मोबाईल एकाच ठिकाणी चार्जिंगला लागावेत, आजी-आजोबांचेही. वेळापत्रक मुलाच्याच हस्ताक्षरात लिहून कपाटावर चिकटवावे. हिशेब स्वतः मांडला, की तो पाळण्याची जबाबदारीही मुले सहसा स्वीकारतात.

मूल मोठ्याने घोरत असेल, आठवडे उलटूनही झोप लागत नसेल किंवा सतत उदास दिसत असेल, तर डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. झोपेच्या गोळ्या किंवा मेलाटोनिन स्वतःच्या मनाने देऊ नये.

हा अंक हाती पडेपर्यंत आठवडाच उरला असेल, तर रोज अर्ध्या तासाचा हप्ता धरावा. आठ दिवसांत मजल गाठता येते. मूल दोन-तीन दिवस कुरकुरेल, दुपारी डोळे चोळेल. तेवढे आपण सोसावे. शाळेच्या पहिल्या आठवड्यात नवे शिक्षक, नवे मित्र आणि बीजगणिताचे पहिले धडे भेटतात. त्या वेळी मूल बाकावर जागे असावे, एवढ्यासाठीच ही सारी खटपट आहे.