आजोबांचे चेपें आणि बाजारातली हॅट : जुने ते सोने, पण कितपत?

जत्रांचा हंगाम जवळ आला की गावोगावी नाटकांच्या तालमी सुरू होतात आणि घराघरांतल्या जुन्या पेट्या उघडल्या जातात. शालू, उपरणी, काठ्या, जाड काड्यांचे चष्मे असे काय काय बाहेर येते. गेल्या वर्षी आमच्या पेटीतून एक राखाडी फेल्ट हॅट निघाली. पोर्तुगीज काळात आजोबा पणजीला कचेरीत जाताना ती घालत. त्यांच्या तोंडी तिचे नाव 'चेपें'. पोर्तुगीज 'शापेऊ'चे हे आपल्याकडचे रूप.

नाटकातल्या बॅरिस्टरसाठी ही हॅट द्यायचे ठरले. शेजारच्या मुलांनी आळीपाळीने ती डोक्यावर चढवून आरशात पाहूनही घेतले. दुसऱ्या पात्रासाठी बाजारातून एक नवी हॅट आणली होती. दोन्ही शेजारी ठेवल्या आणि सगळ्यांच्या तोंडून एकच वाक्य आले, "पूर्वीसारखा माल आता मिळत नाही हो!" नवी हॅट पुठ्ठ्यासारखी कडक होती. जुनी पातळ, हलकी, हाताला लोण्यासारखी, आणि दाबून सोडली की पुन्हा आपल्या आकारात येणारी.

हे असे का, याचा शोध घेताना बरीच माहिती मिळाली. त्यातली एक गोष्ट जुनी हॅट असलेल्या प्रत्येक घराला ठाऊक असायला हवी. म्हणून हा लेख.

फेल्ट म्हणजे काय?

फेल्ट हे विणलेले कापड नव्हे. त्यात ताणा नाही, बाणा नाही. प्राण्याच्या केसावर सूक्ष्म खवले असतात. ऊब, ओल आणि सततची रगड मिळाली की हे केस एकमेकांत अडकतात आणि घट्ट थर तयार होतो. आपल्याकडचा बुरणूस किंवा काश्मीरचा नमदा याच तत्त्वावर बनतो. लोकरी स्वेटर गरम पाण्यात धुतल्यावर आटून जाड होतो, तोही याचाच प्रकार.

हॅटचे फेल्ट मुख्यतः दोन जातींचे. एक मेंढीच्या लोकरीचे आणि दुसरे बीव्हर, रानससा किंवा पाळीव ससा यांच्या लवेचे. या प्राण्यांच्या अंगावरचे राठ केस काढून टाकतात आणि खालची मऊ लव तेवढी वापरतात. बीव्हरची लव सर्वांत उत्तम मानली जाते. तिचे फेल्ट दाट होते आणि पावसाला दाद देत नाही. त्याखालोखाल रानससा, मग पाळीव ससा. लोकरीचे फेल्ट स्वस्त, पण तुलनेने जाड. भिजल्यावर आटण्याची आणि आकार सोडण्याची खोड त्याला जास्त.

लवेपासून हॅटपर्यंत

लव आधी पिंजून हवेत उडवतात. मग बारीक छिद्रे असलेल्या तांब्याच्या शंकूवर ती ओढून घेतात आणि वरून गरम पाणी सोडतात. अशा रीतीने लवेचा एक मोठा, सैल शंकू तयार होतो. तो हॅटच्या कितीतरी पट मोठा असतो. गरम पाण्यात पुन्हा पुन्हा लाटून, रगडून तो आटवतात. हे काम जितके सावकाश आणि जितक्या वेळा होईल तितके फेल्ट पातळ आणि तरीही घट्ट होते.

पुढे लाकडी साच्यावर चढवून वाफेने माथ्याला आणि कडेला आकार देतात. पृष्ठभाग बारीक सँडपेपरने घासून गुळगुळीत करतात. शेवटी आत चामड्याची पट्टी आणि बाहेर रेशमी फीत शिवतात. हॅटला ताठपणा यावा म्हणून पूर्वापार लाख वापरली जाते, आणि लाखेच्या उत्पादनात भारत फार जुना आणि मोठा देश आहे. साहेबी हॅटच्या ताठपणात आपल्या जंगलांचाही वाटा होता म्हणायचा!

जुनी हॅट सरस का ठरते?

एकेकाळी हॅटशिवाय बाहेर पडणे अनेक देशांत असभ्य समजले जाई. इटलीतल्या अलेस्सांद्रिया गावी १८५७ साली बोर्सालिनोचा कारखाना सुरू झाला. अमेरिकेत फिलाडेल्फियाला १८६५ साली स्टेटसन सुरू झाला. पोर्तुगालमध्ये साव जुआंव दा मादेइरा हे हॅटवाल्यांचे गाव. आपल्या सांजावच्याच संताचे नाव त्या गावाला आहे. तिथल्या एका जुन्या हॅट कारखान्यात २००५ सालापासून हॅटचे संग्रहालय आहे.

मागणी प्रचंड होती, त्यामुळे लव निवडणारे, शंकू आटवणारे, फीत शिवणारे असे वेगवेगळे कसबी कारागीर एकेका कामात आयुष्य घालवत. विसाव्या शतकाच्या मध्यानंतर हॅटची चाल मागे पडली. कारखाने बंद पडले, कसबी हात पांगले. उरलेल्यांनी खर्च वाचवायला लोकर जास्त वापरली, आटवण्याचा वेळ कमी केला आणि सैल फेल्टला ताठपणा देण्यासाठी खळ वाढवली. चामड्याच्या पट्टीच्या जागी कृत्रिम पट्टी आली, शिलाईच्या जागी डिंक. आमची नवी हॅट पुठ्ठ्यासारखी का लागली, त्याचे उत्तर हे.

तरी एक गोष्ट विसरून चालणार नाही. त्या काळीही हलक्या, स्वस्त हॅट भरपूर निघत. त्या फाटल्या, कसरीने खाल्ल्या, फेकल्या गेल्या. पेटीत जपून ठेवली गेली ती मुळातच चांगली होती. तेव्हाच्या उत्तम मालाची आजच्या स्वस्त मालाशी तुलना करून 'जुने ते सोने' म्हणणे न्यायाचे नाही.

त्या मऊपणाची किंमत

आता ती महत्त्वाची गोष्ट. सशाची लव सहजासहजी एकमेकांत अडकत नाही. म्हणून ती पाऱ्याच्या नायट्रेटमध्ये भिजवत. त्यामुळे लवेच्या कडा गाजरासारख्या केशरी होत, यावरून इंग्रजीत या क्रियेला 'कॅरटिंग' असेच नाव पडले. पुढे वाफ आणि उष्णता लागली की पाऱ्याची वाफ कारखान्यात पसरे आणि ती कामगारांच्या फुप्फुसांत जाई.

हातांना कंप सुटणे, दात हलणे, चिडचिड, भित्रेपणा, विसराळूपणा ही त्या विषबाधेची लक्षणे. अमेरिकेत कनेक्टिकट राज्यातले डॅनबरी हे हॅटचे मोठे केंद्र. तिथल्या कामगारांच्या कंपाला 'डॅनबरी शेक्स' हे नावच पडले होते. अमेरिकेतल्या हॅट उद्योगात पाऱ्याचा वापर थांबला तो १९४१ साली. त्यानंतर हायड्रोजन पेरॉक्साइड आणि आम्लांवर आधारलेल्या पद्धती रूढ झाल्या. मात्र सगळ्या देशांत हा बदल एकाच वेळी झाला नाही.

म्हणजे आजोबांच्या चेप्याचा तो लोण्यासारखा स्पर्श कुणाच्या तरी थरथरत्या हातांतून आलेला असू शकतो. हे कळल्यावर मला ते चेपें कमी प्रिय झाले नाही, पण 'पूर्वीचा माल' म्हणताना जीभ जरा अडखळू लागली.

घरात जुनी हॅट असेल तर

पारा वापरून केलेल्या जुन्या फेल्टमध्ये त्याचा अंश अजूनही असू शकतो. संग्रहालयांतल्या अनेक जुन्या हॅटमध्ये तो सापडला आहे. नुसते पाहून किंवा हुंगून तो ओळखता येत नाही. घाबरण्याचे कारण नाही, कारण कामगार वर्षानुवर्षे ती वाफ घेत होते आणि आपण हॅट घटकाभर हाताळतो. पण काळजी घ्यावी ती अशी :

१. विसाव्या शतकाच्या मध्यापूर्वीची किंवा वय ठाऊक नसलेली फेल्ट हॅट मुलांना खेळायला किंवा वेशभूषेला देऊ नये. नाटकात मोठ्यांनीही ती डोक्यावर न घालता नवी वापरावी.

२. हाताळताना हातमोजे घालावेत, नंतर साबणाने हात धुवावेत.

३. चुरगळलेली हॅट किटलीच्या वाफेवर धरून किंवा इस्त्रीने सरळ करू नये. उष्णतेने पाऱ्याची वाफ सुटू शकते.

४. ती झटकू किंवा बडवू नये, घरच्या व्हॅक्युम क्लीनरनेही साफ करू नये.

५. कपड्यांच्या कपाटात न ठेवता झाकणाच्या वेगळ्या डब्यात ठेवावी. वर कोणाची, कुठल्या काळची, याची चिठ्ठी लावावी. आपल्या पावसाळ्यात बुरशी आणि कसर दोन्हींचे भय असते, म्हणून डबा कोरड्या जागी असावा आणि अधूनमधून उघडून पाहावा.

नवी हॅट घेताना

लेबलवर फेल्ट लोकरीचे की लवेचे, ते पाहावे. कड बोटांत हलकेच वाकवून सोडावी. चांगले फेल्ट पूर्ववत होते, खळीच्या जोरावर उभे असलेले मोडल्यासारखे वाटते. आतली पट्टी उलटून ती शिवली आहे की चिकटवली आहे, ते बघावे. काही हॅटवर 'एक्स'च्या खुणा असतात. त्या लवेचा दर्जा सांगतात खऱ्या, पण त्यांचे सर्वांना बांधील असे प्रमाण नाही. एका कंपनीच्या दहा एक्स म्हणजे दुसरीच्याही दहा एक्स, असे समजू नये. जगात आजही मोजके कारागीर उत्तम लवेच्या, पारा न वापरलेल्या हॅट करतात. त्या महाग असतात. पण त्यांच्याकडे पाहिले की कसब संपलेले नाही, स्वस्तात मिळेनासे झाले आहे, एवढेच कळते.

हॅट माथ्याला चिमटीत धरून उचलू नये, कडेला धरावी. टेबलावर ठेवताना माथा खाली करून ठेवावी, म्हणजे कडेचा बाक टिकतो.

जाता जाता नाटकवेड्यांसाठी एक गंमत. 'फेडोरा' हे हॅटचे नाव मुळात एका नाटकाचे. विक्तोरिएं सार्दू या फ्रेंच नाटककाराच्या १८८२ सालच्या या नाटकात सारा बर्नार्ड हिने नायिका रंगवली आणि पुढे ते नाव हॅटला चिकटले.

आमचे चेपें आता डब्यात आहे, वर आजोबांच्या नावाची चिठ्ठी आहे. यंदाच्या जत्रेत बॅरिस्टर नवी, पुठ्ठ्याची हॅट घालूनच रंगमंचावर येणार आहे. पहिल्या रांगेतल्यांनाही फरक कळणार नाही. आपल्याही पेटीत असे एखादे चेपें असेल, तर तालमीला पाठवण्यापूर्वी हा लेख घरातल्यांना जरूर वाचून दाखवा.