चाचांची गिटार

ठाण्याहून भिवंडीकडे येताना खाडीवरचा पूल ओलांडला की कशेळी गाव लागते. या भागातील अनेक माणसे गोदामांत, दुकानांत किंवा यंत्रमागांवर काम करतात आणि रात्री दमून घरी येतात. अशाच एखाद्या घरातील चाचांनी वयाच्या चाळिसाव्या वर्षी गिटार विकत आणली आहे, अशी कल्पना करा. जेवण झाले की ते गिटार घेऊन बसतात. आवडते गाणे सुरुवातीपासून वाजवू लागतात. चौथ्या ओळीत बोटे अडखळतात. ते पुन्हा पहिल्यापासून सुरू करतात आणि पुन्हा तिथेच अडखळतात. सहा महिने झाले. पहिल्या तीन ओळी सुरेख येतात, पण चौथी काही सुधारत नाही. चाचा म्हणतात, ‘‘आता वय झाले, हात वळत नाही.’’

मुलांनो, तुम्ही त्यांना काय सांगाल?

लहान मुलांची बोटे लवकर वळतात, हे खरे आहे. पण चाचांची अडचण वयाची कमी आणि रियाजाच्या पद्धतीची जास्त आहे. त्यांनी पहिल्या तीन ओळी शेकडो वेळा वाजवल्या. चौथी ओळही तितक्याच वेळा वाजवली, पण चुकीची! आपल्या हाताला चूक आणि बरोबर यांतला फरक कळत नाही. जे वारंवार करावे, ते त्याला पाठ होते. म्हणजे चाचांनी गाण्याबरोबर चुकीचाही रियाज केला.

आता यंत्रमाग आठवा. मागावर धागा तुटला, तर कारागीर काय करतो? तो माग थांबवतो, तुटलेला धागा शोधतो, तिथेच गाठ मारतो आणि पुढे विणू लागतो. एका धाग्यासाठी तो सगळे कापड पहिल्यापासून विणत नाही. माग न थांबवता तसाच चालू ठेवला, तर दोष पुढच्या कापडात उतरतो. गिटारचेही तसेच आहे. जिथे बोट अडखळते, तिथेच थांबावे. त्या जागेच्या मागचे दोन आणि पुढचे दोन स्वर घ्यावेत आणि तेवढाच तुकडा वाजवावा.

तोही अगदी सावकाश वाजवायचा. यासाठी महागडे यंत्र लागत नाही. भिंतीवरच्या घड्याळाचा सेकंदाचा काटा टिकटिक करत असेल, तर मिनिटात ६० ठोके मिळतात. एका ठोक्याला एक स्वर वाजवावा. तेही जमत नसेल, तर दोन ठोक्यांना एक. सलग तीन वेळा बिनचूक आले की वेग थोडासा वाढवावा. पुन्हा चुकले, तर मागे यावे. मोठ्या माणसांना हे मागे येणे फार जड जाते. कारखान्यात, घरात सगळे त्यांचे ऐकतात. मग एका तारेपुढे हार कशी मानायची? मला वाटते, चाचांची खरी अडचण इथे आहे.

हात कसा ठेवला आहे, हेही पाहावे. बोट गिटारच्या पडद्याच्या अगदी जवळ, त्याच्या मागच्या बाजूला टेकले, तर थोड्या दाबानेही स्वर स्वच्छ निघतो. पडद्यापासून दूर दाबले, तर तार खडखडते. मग माणूस आणखी जोर लावतो आणि खांदा दुखू लागतो. सुरुवातीला बोटांची टोके दुखतातच; काही आठवड्यांनी तिथली त्वचा घट्ट होते.

वेळ किती द्यावा? रविवारी सलग दोन तास बसण्यापेक्षा रोज वीस मिनिटे बसणे अधिक उपयोगी ठरते. आपण शिकलेली हालचाल झोपेत मेंदूमध्ये पक्की होते, असे शास्त्रज्ञांना आढळले आहे. म्हणून काल जमत नव्हते ते आज सकाळी जमते, असा अनुभव अनेकांना येतो.

उर्दूत तुम्ही ‘मश्क’ हा शब्द ऐकला असेल. सुंदर हस्ताक्षर शिकणारा शागिर्द एकच अक्षर पुन्हा पुन्हा गिरवतो आणि दर वेळी उस्तादांच्या अक्षराशी ताडून पाहतो. हे ताडून पाहणे नसेल, तर ती केवळ शाई खर्च करणे होय. उस्ताद जवळ नसतील, तर चाचांनी मोबाइलवर आपले वादन मुद्रित करून दुसऱ्या दिवशी ऐकावे. वाजवताना न ऐकू आलेल्या चुका मग स्पष्ट ऐकू येतात.

मोठेपणी नव्याने शिकणे शक्य असते का? केसरबाई केरकर यांचा जन्म १८९२ साली गोव्यातील केरी येथे झाला. त्या आधीपासून गात होत्या; तरीही १९२१ च्या सुमारास, तिशीच्या उंबरठ्यावर, त्या उस्ताद अल्लादिया खाँ यांच्या शिष्या झाल्या. १९४६ मध्ये खाँसाहेबांचे निधन होईपर्यंत हे शिक्षण चालले. १९७७ साली व्हॉयेजर यानांबरोबर अवकाशात पाठवलेल्या तबकडीवर केसरबाईंचे गाणे आहे. बासरीवादक हरिप्रसाद चौरसिया यांची गोष्ट तर आणखी वेगळी. मुंबईत चांगले नाव झाल्यावर ते अन्नपूर्णादेवींकडे शिकू लागले. पूर्वी ते बासरी उजव्या हाताने वाजवत. पुढे डाव्या हाताने वाजवू लागले. हाताच्या जुन्या सवयी सोडून नव्याने सुरुवात करायची, हे किती अवघड असेल! उजव्या हाताने लिहिणाऱ्यांनी एकदा डाव्या हाताने आपले नाव लिहून पाहावे.

आज रात्री चाचा गिटार घेऊन बसले की तुम्ही घड्याळ आणि वही घेऊन त्यांच्याजवळ बसा. चौथ्या ओळीतला अडणारा तुकडा एका मिनिटात किती वेळा बिनचूक आला, ते मोजा. तो आकडा तारखेसह वहीत लिहा. उद्या पुन्हा मोजा. पहिला आकडा शून्य आला, तरी तोच लिहा.