मणिबेलीचं पाणी आणि समुद्राचा हिशेब

अक्कलकुवा तालुक्यात, नर्मदेच्या काठी मणिबेली आहे. सरदार सरोवराच्या बुडितात महाराष्ट्रातलं पहिलं गेलेलं गाव हेच. कुणाचं घर राहणार, कुणाचं शेत जाणार, हे इथे एका आकड्याने ठरवलं : १३८.६८ मीटर, म्हणजे धरणाची पूर्ण संचय पातळी. २०१९च्या सप्टेंबरात पाणी पहिल्यांदा तिथवर चढलं.

पण ही उंची मोजली कुठून? समुद्रसपाटीपासून. आणि समुद्र तर कधीच सपाट नसतो!

मुंबईच्या अपोलो बंदरावरच्या भरती-ओहोटीच्या नोंदी १८७८पासूनच्या आहेत. युक्ती साधी, पण काय सुंदर! किनाऱ्यावर एक विहीर आणि समुद्राचं पाणी आत यायला अरुंद वाट. बाहेर लाटा आदळत असतात. आत तरंगता गोळा मात्र संथपणे चढतो, उतरतो. त्याला जोडलेली लेखणी फिरत्या कागदावर रेघ ओढत राहते. मुंबईसह नऊ बंदरांवरच्या अशा नोंदींवर १९०९पर्यंत आपल्या देशातल्या उंचीचा शून्य ठरला.

बंदरावरच्या यंत्राला आपल्यापुरतंच पाणी कळतं. शिवाय खालची जमीन खचली, तरी समुद्रच चढल्यासारखा वाटतो. म्हणून १९९२मध्ये टोपेक्स-पोसायडन हा उपग्रह १,३३६ किलोमीटर उंचीवरून समुद्र मोजू लागला. रडारचा स्पंद पाण्यावर आपटून सेकंदाच्या शंभराव्या भागाच्या आत परततो आणि पातळी काही सेंटिमीटरांच्या फरकाने कळते! २०१३मध्ये भारत-फ्रान्सचा ‘सरल’ही वर गेला. मात्र किनाऱ्याजवळ जमिनीचा प्रतिध्वनी मिसळतो, वरची यंत्रंही हळूहळू चळतात. ती चूक बंदरावरची नोंद पकडते. जमीन खचतेय का, ते शेजारचं जीपीएस सांगतं.

१९९३पासून जगाचा समुद्र सरासरी सुमारे १० सेंटिमीटर चढलाय. का चढला, तेही मोजता येतं. दोन हजार मीटर खोल बुड्या मारणारे आर्गो तरंगक पाण्याची ऊब मोजतात, कारण तापलेलं पाणी फुगतं. २००२मध्ये सोडलेल्या ग्रेस उपग्रहांच्या जोडीने तर गुरुत्वाकर्षणावरून समुद्रात वाढलेल्या पाण्याचं वजनच केलं.

या हिशेबात धरणंही येतात. विसाव्या शतकात जगभरच्या धरणांनी अडवलेल्या पाण्यामुळे समुद्र सुमारे ३ सेंटिमीटर कमी चढला, असा अंदाज आहे. त्यात सरदार सरोवराची भर किती? तुडुंब भरल्यावर त्यात सुमारे ९.५ घन किलोमीटर पाणी मावतं. ते सगळ्या समुद्रांवर पसरलं, तर थर होईल ०.०२६ मिलिमीटरचा, डोक्यावरच्या केसाहूनही पातळ.