सवलतीतलं डॅडो पातं : घ्यावं की सोडावं?

सुतारकामाचा छंद असलेल्या बऱ्याच जणांचा हल्ली एकच प्रश्न असतो : "टेबल सॉचं डॅडो पातं निम्म्या किमतीत दिसतंय. घेऊ का?" माझं उत्तर असं, की किंमत सगळ्यात शेवटी बघा. आधी यंत्र, मग काम, मग माल आणि मग पैसे.

ज्यांना नाव नवं आहे त्यांच्यासाठी सांगतो. डॅडो म्हणजे फळीत आडवी कापलेली चौकोनी खोबण. पुस्तकांच्या कपाटाचे खण तिच्यात घट्ट बसतात. आपलं नेहमीचं पातं साधारण ३ मिमीची चीर पाडतं. डॅडोच्या संचात बाहेर दोन गोल पाती, मध्ये मोजक्या दात्यांचे चिपर आणि अगदी पातळ चकत्या, म्हणजे शिम असतात. हे कमीजास्त करून साधारण ६ ते २० मिमी रुंदीची खोबण एका फेरीत निघते.

यंत्र. पातं ज्या दांड्यावर बसतं तो आर्बर. संपूर्ण संच चढवल्यावर नटाचे सगळे आटे त्यावर बसले पाहिजेत. अमेरिकी घडणीच्या अनेक यंत्रांत आर्बर लांब असतो. युरोपीय घडणीच्या यंत्रांत तो बहुधा आखूड असतो, तिथे डॅडो चढतच नाही. भोकाचंही तसंच आहे. अमेरिकी संचाचं भोक बहुधा ५/८ इंच, म्हणजे १५.९ मिमी असतं. आपल्याकडे २५.४ किंवा ३० मिमीचे आर्बर सर्रास दिसतात. भोक मोठं करून देतो म्हणणारा कुणी भेटला, तर त्याला नमस्कार करून पुढे जा. यंत्राच्या पुस्तिकेत डॅडो चालतो असं स्पष्ट लिहिलेलं नसेल, तर विषय तिथेच संपला. पातं फुकट मिळालं तरी घेऊ नका.

काम. पाच खणांचं कपाट घ्या. दोन्ही बाजू धरून दहा खोबणी होतात. १८ मिमीची एक खोबण साध्या पात्याने काढायला सहा-सात फेऱ्या, म्हणजे एकूण साठ-सत्तर. वर तळ पटाशीने साफ करायचा. डॅडोने दहा फेऱ्यांत काम होतं. वर्षाला एखादंच कपाट करणार असाल, तर साधं पातं किंवा राउटर पुरे. दर महिन्याला करत असाल, तर डॅडोचा विचार करा.

माल. आठ इंची संचच हवा असा हट्ट नको. १० इंची यंत्रावर सहा इंची संचही साधारण २५ मिमी खोल जातो आणि १८ मिमीच्या प्लायला ६ ते ९ मिमी खोली पुष्कळ झाली. छोट्या मोटरवर हलका संच बरा. एकच पातं तिरकं फिरवून रुंदी काढणारा डगमगता प्रकार स्वस्त असतो, पण खोबणीचा तळ किंचित गोलसर येतो. जुना संच असेल, तर एकही चिपर कमी नको आणि कार्बाइडचा एकही दात उडालेला नको. धार लावताना सगळा संच एकत्र लावलेला असावा, नाहीतर व्यास वेगळे होतात आणि तळाला पायऱ्या पडतात. पात्यावर छापलेली फेऱ्यांची कमाल मर्यादा यंत्राच्या वेगापेक्षा जास्तच हवी.

पैसे. खोडलेली छापील किंमत विसरा. तोच संच इतर दोन-तीन ठिकाणी आज कितीला मिळतो ते बघा. त्यात रुंद फटीची टेबलपट्टी, परदेशातून येणार असेल तर सीमाशुल्क आणि पुढे धार लावण्याचा खर्च मिळवा. आपल्या गावात कार्बाइडचा पूर्ण संच धारेला घेणारा कारागीर आहे का, हेही आधीच विचारा.

शेवटी सगळ्यात महत्त्वाचं. डॅडो लावताना वरचा गार्ड आणि नेहमीचा रायव्हिंग नाइफ सहसा काढावा लागतो. पातं लाकडाखाली झाकलेलं असतं, म्हणून हात बेसावध होतो. दोन्ही हातांत पुश ब्लॉक धरा, हातमोजे घालू नका आणि काम संपताच गार्ड परत चढवा. फौजेत हत्यार साफ करून, मोजून जमा केल्याशिवाय दिवस संपत नाही. कार्यशाळेतही तोच नियम ठेवा.

यंत्र, काम आणि माल या तिन्हींचं उत्तर 'हो' असेल, तर सवलतीचा जरूर फायदा घ्या. एकाचंही 'नाही' आलं, तर वाचलेल्या पैशांत चांगलं सागवान आणा. जय हिंद!