बिनतारी जोडणीचाही काटा करावा



गळीत हंगामात आपला सर्वांचा जीव अडकलेला असतो तो काट्याच्या पावतीत. ऊस तुटला, गाडी भरली, काट्यावर चढली, तरी आकडा नोंदीला लागेपर्यंत शेतकऱ्याला चैन नाही. हल्ली हा आकडा काट्यावरून कार्यालयात आणि तिथून गट ऑफिसला बिनतारी जोडणीने जातो. मग एखादे दिवशी खिडकीशी सभासद विचारतात, "भाऊ, काटा तर झाला, पन नोंद कुठं अडकली?" आतून ठरलेले उत्तर येते, "नेट स्लो आहे." किती स्लो, कुठे स्लो, हे मात्र कोणी सांगत नाही. उसाचा किलोकिलोचा हिशेब मागणारे आपण, हे उत्तर ऐकून गुमान घरी का जावे?

आधी खोक्यावरचा आकडा पाहू. बिनतारी यंत्रावर '३०० एमबीपीएस' असे ठळक छापलेले असते. हे झाले भरलेल्या गाडीचे वजन. त्यातून रिकाम्या गाडीचे वजन वजा केल्याशिवाय ऊस किती ते कळत नाही. इथेही तसेच आहे. दोन टोकांची यंत्रे बहुधा आळीपाळीने बोलतात. एक बोलते तेव्हा दुसऱ्याने गप्प बसायचे. प्रत्येक पुडक्यावर पत्ता लागतो, पोचल्याची पोच लागते, वाटेत बिघडलेले पुडके पुन्हा पाठवावे लागते. १९९९ च्या वाय-फाय मानकात ११ चा आकडा होता, हाती पडत ५-६. पुढे २००३ मध्ये ५४ आले, हाती पडत २०-२५. म्हणजे निम्मी गती मिळाली तर ती फसवणूक नव्हे, तो उतारा आहे. मात्र दहावा हिस्सा मिळाला तर कुठे तरी पाणी मुरते आहे असे समजावे.

दुसरी गोम बिट आणि बाइटची. विकणारा बोलतो मेगाबिटमध्ये, आपली फाइल असते मेगाबाइटमध्ये. आठ बिटांचा एक बाइट. समजा, १०० मेगाबाइटची फाइल एका टोकाहून दुसऱ्या टोकाला जायला १० सेकंद लागले. १०० गुणिले ८ म्हणजे ८०० मेगाबिट, भागिले १०, म्हणजे गती ८० एमबीपीएस. मनगटी घड्याळ आणि पाढे आले की झाले, इंजिनिअरच पाहिजे असे नाही.

पण माप घेताना काही पथ्ये पाळावी लागतात. मोबाइलवर 'ट्राय'चे मायस्पीड हे साधन आहे, पण ते दूरच्या सर्व्हरपर्यंतचा सगळा रस्ता मोजते. आपल्याला पाहायची असते काट्यापासून कार्यालयापर्यंतचीच वाट. त्यासाठी दोन्ही टोकांना एकेक संगणक तारेने जोडून मधलीच गती मोजावी. 'आयपर्फ' नावाचे मोफत साधन नेमके हेच करते. जाण्याची गती वेगळी, येण्याची वेगळी मोजावी. सकाळी एकदा, गाड्यांची रांग लागते तेव्हा एकदा, रात्री एकदा. प्रत्येक वेळी पाच मापे घेऊन मधले धरावे. एकाच चांगल्या मापावर भुलू नये. आणि यंत्राची तार जिथे लागते ते छिद्र पाहावे. कित्येक यंत्रांत ते १०० एमबीपीएसचेच असते. रस्ता रुंद आणि ओढ्यावरचा पूल अरुंद, तशातली गत!

आपल्या बुलढाणा जिल्ह्याचे घाटावर आणि घाटाखाली असे दोन भाग. बिनतारी लहरींना मधला डोंगर चालत नाही, एका टोकाहून दुसरे टोक दिसले पाहिजे. नुसते दिसूनही भागत नाही. ५ किलोमीटरच्या जोडणीत, ५ गिगाहर्ट्झच्या लहरींना मध्यावर चहूबाजूंनी सुमारे साडेआठ मीटरची जागा लागते, आणि तिचा निदान ६० टक्के भाग मोकळा हवा. मे महिन्यात ऊस कमरेएवढा असताना चाचणी घेतली आणि सही करून मोकळे झालो, तर दिवाळीनंतर तोच ऊस डोक्यावर जातो आणि ओली पाने लहरी पिऊन टाकतात. म्हणून चाचणी हंगामातही घ्यावी.

आता खरी गोष्ट. पावतीला एवढी गती लागते का? कोल्हापूरकडे वारणानगरच्या सहकारी परिसरात १९९८ साली सुमारे सत्तर गावे संगणकाने जोडण्याची योजना निघाली. गावकेंद्रांवर मुख्य काम राहिले ते उसाच्या नोंदींचेच. पुढे मायक्रोसॉफ्टच्या भारतातील संशोधकांनी सात गावांत संगणकाऐवजी साध्या मोबाइलचा एसएमएस वापरून पाहिला, आणि तेच काम झाले. मराठीतला एक एसएमएस ७० अक्षरांचा. वजन, तारीख आणि गाडी नंबर त्यात आरामात बसतात. तेव्हा पावती अडकते ती बहुधा गती कमी म्हणून नव्हे, जोडणी तुटते म्हणून. संगणकावर 'पिंग' करून शंभर हाका माराव्या आणि किती हाकांना ओ आली, किती वेळात आली, ते लिहून ठेवावे. शंभरातल्या वीस वाया जात असतील, तर मोठ्या आकड्याचे नवे यंत्र घेण्याआधी खांबाची उंची वाढवून, तोंडाची दिशा नीट करून पाहावी. सभासदांचा पैसा वाचेल.

आमचे म्हणणे एवढेच. बिल अदा करण्यापूर्वी दोन सभासदांसमोर माप व्हावे, तारीख-वेळेसह आकडा वहीत चढावा आणि सूचना फलकावर लागावा. उसाचा काटा आपण डोळ्यांदेखत करतो. ज्या वाटेने त्या काट्याचा आकडा जातो, तिचाही काटा डोळ्यांदेखतच व्हावा. सभासदांनी याचा विचार करावा.